काय सोडायचं, हे कोण ठरवणार?

(मंचाच्या सभेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या मंचावर शिक्षणाबद्दल पुष्कळ बोललं जातं. शाळांचा निधी, अभ्यासक्रम, भाषा, आरक्षण असे विषय आपण अनेकदा घेतले. आजचा विषय त्यामानानं किरकोळ वाटेल. हायस्कूलची मुलं रोबॉट तयार करतात आणि ते एकमेकांविरुद्ध खेळवतात, त्या स्पर्धांबद्दल मी बोलणार आहे. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं अशा एखाद्या संघात आहेत किंवा होती. मी स्वतः बरीच वर्षं एका सार्वजनिक हायस्कूलच्या संघाबरोबर संध्याकाळचं काम करते. पण मला आज बक्षिसांबद्दल किंवा कॉलेजच्या अर्जाबद्दल बोलायचं नाही. या खेळाचे नियम आणि रोबॉटची रचना यांत एक शिक्षण दडलेलं आहे. ते मुलांना खरोखर मिळतं की आपण मोठी माणसं आणि आपला पैसा ते त्यांच्या हातातून काढून घेतो, हा माझा प्रश्न आहे.

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डीन केमन या संशोधकानं १९८९ साली 'फर्स्ट' नावाची संस्था स्थापन केली. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. यामागची कल्पना मात्र त्याआधीची. एमआयटीमध्ये वुडी फ्लॉवर्स हे प्राध्यापक १९७०च्या दशकापासून डिझाइनचा एक वर्ग चालवत. प्रत्येक विद्यार्थ्याला सटरफटर वस्तूंची सारखीच पिशवी द्यायची, एक काम सांगायचं आणि त्या पिशवीतल्या सामानातून ते काम करणारं यंत्र बनवायला लावायचं. शेवटी सगळ्यांच्या यंत्रांची लढत. फ्लॉवर्स २०१९ साली गेले, पण ती पिशवी अजून शिल्लक आहे. फक्त ती आता बरीच मोठी आणि बरीच महाग झाली आहे.

दर वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला एक नवा खेळ जाहीर होतो, जगभर एकाच दिवशी. मैदान साधारण ५४ फूट लांब आणि २७ फूट रुंद. तीन संघ एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. २०१२-१३ साली सामना सव्वादोन मिनिटांचा असे. त्यातले पहिले १५ सेकंद रोबॉटनं स्वतःच्या प्रोग्रॅमवर खेळायचं आणि उरलेली दोन मिनिटं मुलं तो चालवत. वजनाची मर्यादा कित्येक वर्षं १२० पौंड होती, म्हणजे सुमारे ५४ किलो. आकाराला मर्यादा, मोटारींना मर्यादा, बॅटरी सगळ्यांची एकच, १२ व्होल्टची. आणि वेळ तर नेहमीच अपुरा.

आता खेळ रचणाऱ्यांची खुबी पाहा. ते मैदानावर इतकी कामं ठेवतात की एका रोबॉटला ती सगळी नीट करता येणं जवळजवळ अशक्य असावं. मुलं पहिल्या दिवशी नियमांचं पुस्तक वाचतात आणि उत्साहानं म्हणतात, आपण हे सगळं करू. दुसऱ्या आठवड्यात वजनकाट्यावर सत्य कळतं. मग सुरू होतं ते खरं शिक्षण : काय सोडायचं?

इंग्रजीत याला 'ट्रेडऑफ' म्हणतात. मराठीत आपण 'तडजोड' म्हणतो, पण त्या शब्दात थोडी हार डोकावते. मनाविरुद्ध मान तुकवल्यासारखं वाटतं. इथे तसं नाही. इथे एक गोष्ट पूर्ण समजून, हिशेब मांडून, बाजूला ठेवायची असते. त्याला मी नुसतं 'सोडणं' म्हणेन.

एक साधं उदाहरण चाकांचं. मोटारीची ताकद ठरलेली असते. त्या काळात सगळे संघ वापरायचे त्या मोटारीची कमाल शक्ती सुमारे ३३७ वॅट. गिअरचं गुणोत्तर एका बाजूला झुकवलं तर रोबॉट वेगानं पळतो, पण कुणी ढकललं की मागे सरकतो. दुसऱ्या बाजूला झुकवलं तर बैलासारखा रेटतो, पण मैदान ओलांडायला वेळ लागतो. दोन गिअर ठेवले तर दोन्ही मिळतं, पण वजन वाढतं आणि बिघडू शकणारे भागही वाढतात. मेकॅनम नावाची तिरप्या रोलरची चाकं लावली तर रोबॉट खेकड्यासारखा आडवा सरकतो, पण रेटारेटीत त्याची पकड कमी पडते. फुकट काहीच मिळत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला हे कळणं म्हणजे अर्धं अभियांत्रिकी कळणं, आणि माझ्या मते थोडं नागरिकशास्त्रही.

दुसरं उदाहरण २०१२ सालच्या 'रिबाउंड रंबल' या खेळाचं. तो बास्केटबॉलसारखा होता. तीन उंचीवर बास्केट, त्यांत फोमचे चेंडू टाकायचे. वरच्या बास्केटला तीन गुण, मधल्या दोन बास्केटना प्रत्येकी दोन, खालच्याला एक. सामना संपताना डुगडुगणाऱ्या पुलांवर चढून तोल सांभाळायचा. एक रोबॉट तोलला तर १० गुण, दोन तोलले तर २०, आणि बाद फेरीत तीन तोलले तर ४०. त्या वर्षी रोबॉटच्या पायाची मर्यादा २८ गुणिले ३८ इंच होती. आता रोबॉट लांबट करायचा की रुंदट? मैदानाच्या मधोमध चार इंच उंचीचा अडथळा होता, त्यावरून जायला लांबट रोबॉट बरा, तो सहसा कलंडत नाही. पण पुलावर तीन रोबॉट एकामागे एक उभे करायचे तर रुंदट आणि आखूड रोबॉटच हवा. रुंद तोंडानं चेंडूही भराभर आत घेता येतात. म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चौकट कापताना मुलांना मार्चमधल्या बाद फेरीचा विचार करावा लागत होता. त्यात आणखी एक गंमत. फोमचे चेंडू वापरून वापरून झिजत, मऊ पडत, आणि तोच नेम, तीच गती असूनही जुना चेंडू वेगळ्या ठिकाणी पडे. कागदावरचं गणित बरोबर असूनही जग थोडं वेगळं असतं, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात इतक्या लख्ख शिकवतात?

तिसरं उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण त्यातच माझा मुद्दा आहे. २०१३ साली 'अल्टिमेट असेंट' नावाचा खेळ होता. फ्रिस्बीच्या चकत्या भिंतीतल्या खिडक्यांमध्ये फेकायच्या, वरच्या खिडकीला तीन गुण. मैदानात पाइपांचे दोन पिरॅमिड होते. शेवटी रोबॉटनं पिरॅमिडला लटकायचं. पहिल्या पातळीवर १० गुण, दुसऱ्या पातळीवर २०, तिसऱ्या पातळीवर ३०. सगळ्यांचे डोळे अर्थातच तिसऱ्या पातळीवर. ५० किलोचं धूड स्वतःला उचलत वर चढतंय, हे दृश्यच असं होतं की मुलं वेडी झाली.

आमचा संघ लहान. चौदा मुलं, शाळेच्या वर्कशॉपमध्ये एक ड्रिल प्रेस आणि एक बँडसॉ. चढणाऱ्या रोबॉटवर दोन दिवस वादावादी झाली. मग एका मुलीनं, एरवी ती फार बोलायची नाही, फळ्यावर हिशेब मांडला. तिनं जिमच्या फरशीवर टेप चिकटवून अंतरं मोजली होती आणि एका मुलाला मागच्या वर्षीच्या रोबॉटच्या वेगानं चालायला लावून वेळ घेतली होती. तिचा हिशेब असा होता. तिसऱ्या पातळीवर चढायला आपल्याला निदान ५० सेकंद लागतील, मिळतील ३० गुण. पहिल्या पातळीला लटकायला १० सेकंद पुरतात, मिळतील १० गुण. उरलेल्या ४० सेकंदांत चार-चार चकत्यांच्या दोन फेऱ्या होतात. आठातल्या सहा आत गेल्या तर १८ गुण. म्हणजे ३० विरुद्ध २८. आणि चढण्याचं यंत्र दोनदा प्रयत्न केल्यावर एकदाच चाललं, तर सरासरी १५ विरुद्ध २८. शिवाय त्या यंत्राचं वजन वाचतं, आणि ते वजन व तो वेळ आपण फेकण्याच्या यंत्रावर खर्च करू शकतो.

वर्गात शांतता पसरली. तेव्हा आपल्यासारखेच एक पालक, उत्तम मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणाले, चढण्याचं यंत्र मी माझ्या ओळखीच्या कारखान्यात करून आणतो, दोन शनिवार-रविवारांत होईल. मनापासून म्हणाले, त्यात मोठेपणा मिरवण्याचा भाग नव्हता. त्यावर ती मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही करून दिलंत तर ते नक्की चढेल. पण सामन्यात मोडलं तर आम्हांला दुरुस्त करता येणार नाही."

मला वाटतं, डिझाइनबद्दल याहून चांगलं वाक्य मी फार थोड्यांच्या तोंडून ऐकलं आहे. त्या काकांनीही ते मनाला लावून घेतलं नाही. पुढचे चार आठवडे ते मुलांना ताण आणि पीळ यांची गणितं शिकवत बसले, आणि एकाही भागाला त्यांनी स्वतः भोक पाडलं नाही.

मुलांनी जमिनीवरची चकती उचलणं सोडलं, तिसरी पातळी सोडली, दुसरीही सोडली. रोबॉट एवढंच करायचा : कोपऱ्यातल्या खिडकीतून चकत्या घ्यायच्या, वरच्या खिडकीत फेकायच्या, शेवटी लटकायचं. आपल्याकडे म्हण आहे, एक ना धड भाराभर चिंध्या. आणि दुसरी, अंथरूण पाहून पाय पसरावे. कॅनडातला 'सिम्बॉटिक्स' हा नावाजलेला संघ नव्या संघांना अनेक वर्षं हेच सांगत आला आहे. आपल्या कुवतीच्या आत राहून बांधा, आणि पाच कामं मध्यम करण्यापेक्षा तीन कामं पूर्ण करा.

आता खेळाच्या नियमांकडे येऊ. कारण मुलांनी एवढा विचार करून केलेल्या साध्या रोबॉटला किंमत मिळते की नाही, हे नियमच ठरवतात.

साखळी सामन्यांत तुमचे दोन साथीदार चिठ्ठीनं ठरतात. आज जो साथीदार, तो उद्या विरोधक. त्यामुळे शेजारच्या संघाचा मोडलेला रोबॉट दुरुस्त करायला तुमची मुलं पाना घेऊन धावतात, आणि त्यात परोपकाराइतकाच शहाणपणाही असतो. बाद फेरीसाठी वरचे आठ संघ आपापले दोन साथीदार निवडतात. पहिली निवड एक ते आठ या क्रमानं, दुसरी उलट, आठ ते एक. म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या संघाला शेवटचा, चोविसावा, साथीदार मिळतो. तो सहसा फार भारी रोबॉट नसतो. पण एक काम न चुकता करणारा असला तर हवाच असतो. त्या वर्षी आमचा संघ असाच शेवटचा निवडला गेला. नियमात ही उलटी निवड नसती, तर पहिल्या क्रमांकाच्या संघाच्या वाट्याला आणखी एक बलाढ्य साथीदार आला असता आणि आमची मुलं प्रेक्षकांत बसली असती.

असे नियम कुणीतरी विचार करून लिहितात. कधी ते साधतात, कधी फसतात. २००९ साली, चंद्रावर माणूस उतरल्याला ४० वर्षं झाल्याच्या निमित्तानं, 'लुनसी' नावाचा खेळ होता. मैदान गुळगुळीत, आणि सर्वांना एकाच प्रकारची घसरणारी चाकं सक्तीची. चंद्रावरच्या कमी गुरुत्वाकर्षणाचा आभास. परिणाम असा की ज्या संघांनी वर्षानुवर्षं खर्च करून उत्तम चाकांची आणि गिअरची यंत्रणा जमवली होती, त्यांचा तो फायदा एका नियमानं पुसट झाला. जुने संघ नाराज झाले. नवख्या संघांना मात्र पहिल्यांदाच सगळ्यांच्या बरोबरीनं घसरायला मिळालं!

२०१० साली फुटबॉलसारखा खेळ होता. त्यात क्रमवारीचे गुण मोजताना हरणाऱ्या बाजूला जिंकणाऱ्या बाजूच्या धावसंख्येइतके गुण मिळत. हेतू चांगला होता, विरोधकाला चिरडू नका. पण हुशार मुलांच्या लगेच लक्षात आलं की आपण हरणारच असलो, तर विरोधकाच्या बाजूनं गोल करणं जास्त फायद्याचं. काही सामन्यांत सहाही रोबॉट एकाच बाजूचे गोल करू लागले. शेवटी हंगाम चालू असतानाच जिंकणाऱ्याला ज्यादा गुण देण्याची दुरुस्ती करावी लागली. कायदे करणाऱ्यांनी हा प्रसंग अभ्यासायला हवा. माणसं नियमाच्या हेतूप्रमाणे वागत नाहीत, नियम जे मोजतो त्याप्रमाणे वागतात.

२०१२ साली तोच हेतू अधिक नेमका साधला. मैदानाच्या मधल्या पुलावर दोन्ही बाजूंचा एकेक रोबॉट एकत्र तोलून उभा राहिला, तर दोन्ही बाजूंना क्रमवारीचे दोन-दोन गुण. सामना जिंकल्यावरही दोनच गुण मिळत. म्हणजे विरोधकाबरोबर तोल सांभाळणं हे त्याला हरवण्याइतकंच मोलाचं. सामन्याआधी दोन्ही बाजूंची मुलं एकमेकांना जाऊन विचारायची, तुमचा रोबॉट पुलावर आधी चढतो की नंतर? मी त्या वर्षीचे सामने पाहताना विचार करत होते, की आपल्या सार्वजनिक जीवनात असा एखादा मधला पूल असता तर!

२०१५ साली आणखी पुढचं पाऊल टाकलं गेलं. साखळीत हार-जीतच काढून टाकली, क्रम सरासरी गुणांवर. दोन्ही बाजू आपापल्या अंगणात खोक्यांच्या उतरंडी रचायच्या. सहा खोकी, त्यावर कचऱ्याचा डबा, त्यात फोमची नळी, अशा एका उतरंडीला ४२ गुण. कुणी कुणाला धक्का द्यायचा नाही. पण मैदानाच्या मधल्या पायरीवर दोन्ही बाजूंना सामाईक असे चार डबे होते. जगज्जेतेपदाच्या स्पर्धेपर्यंत वरच्या संघांनी स्प्रिंगचे असे हात बनवले की सामना सुरू होताच निमिषार्धात ते डबे ओढले जात. चढाओढ गेली नाही, ती दुर्मीळ वस्तूवर जाऊन बसली. हे अर्थशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला पटेल.

हे सगळं फक्त अमेरिकेतच चालतं असं नाही. आशिया-पॅसिफिक भागातल्या विद्यापीठांसाठी 'आबू रोबोकॉन' ही स्पर्धा २००२ पासून होते, आणि ती २००८ साली पुण्यात, बालेवाडीला झाली होती. तिचा विषय होता चक्क आपली दहीहंडी! हंडीतलं लोणी मिळवण्यासाठी देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी रोबॉट आणले. २०१४ साली ती पुन्हा पुण्यात झाली, तेव्हा विषय होता आईबापपणाचा. मोठ्या रोबॉटनं लहान रोबॉटला उचलून सी-सॉ, झोपाळा, खांबांवरची चाल, जंगलजिम असं खेळायला न्यायचं आणि सगळं पार पडलं की 'शाबास'. त्या खेळाचा पेच मला फार आवडतो. मूल हलकं हवं, म्हणजे पालकाला उचलता येईल. पण इतकं हलकं नको की ते स्वतःच्या बळावर शिडी चढू शकणार नाही. पालकानं किती उचलायचं आणि मुलानं किती चढायचं, हा तिथला मुख्य ट्रेडऑफ. या सभागृहात त्याहून समर्पक उदाहरण मला सापडणार नाही.

आता पैशाबद्दल. २०१०च्या दशकात हायस्कूलच्या मोठ्या स्पर्धेची नुसती नोंदणी साधारण पाच हजार डॉलर होती. त्यात सामान, प्रवास, हॉटेल आलं. वजन, आकार, वेळ यांच्या मर्यादा सगळ्यांना सारख्या असतात. पण पैशाची मर्यादा सारखी नसते, आणि ती बाकीच्या मर्यादा वाकवते.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे सहा आठवड्यांचा नियम. पूर्वी सहा आठवडे झाले की रोबॉट पेटीत किंवा पिशवीत बंद करून मोहोर लावायची. सगळ्यांना सारखा वेळ, हा उद्देश. प्रत्यक्षात सधन संघ एकसारखे दोन रोबॉट बनवत. एक पिशवीत, दुसरा सरावाला. मार्चभर त्यांची मुलं रोज सराव करायची, नवे भाग बनवून पाहायची. ज्यांच्याकडे एकाच रोबॉटचे पैसे, ती मुलं मोहोर लावलेल्या पिशवीकडे बघत बसायची. सर्वांना सारखा लागू केलेला नियम फक्त गरिबांनाच लागू झाला, हे आपल्या समाजाला नवीन नाही.

२०२० च्या हंगामापासून हा नियम काढून टाकला गेला. त्यावर खूप वाद झाला, आणि दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नव्हतं. ते म्हणत, सहा आठवड्यांनी सक्तीनं थांबल्यामुळे शिक्षकांना, मार्गदर्शकांना आणि मुलांना श्वास घेता येतो. आता काम एप्रिलपर्यंत संपणारच नाही, ज्यांना घरी लहान मुलं आहेत किंवा दोन नोकऱ्या आहेत ते स्वयंसेवक गळतील. (मार्चमध्ये कोविडमुळे तो हंगामच अर्ध्यावर थांबला, हा भाग वेगळा.) इथेही फुकट काही मिळालं नाही. समान संधी हवी तर विश्रांती सोडा. मला स्वतःला बदल योग्य वाटतो. पण त्याची किंमत कोण देतं हे विसरून त्याचं कौतुक करू नये.

किंमत कमी करण्याचे मार्ग आहेत, आणि ते लोकांनी शोधले आहेत. मिशिगन राज्यात २००९ पासून वेगळी पद्धत सुरू झाली. मोठी भाड्याची क्रीडागृहं सोडून शाळांच्या जिममध्ये छोट्या स्पर्धा घ्यायच्या आणि त्याच नोंदणीत प्रत्येक संघाला एकाऐवजी दोन स्पर्धा खेळायला द्यायच्या. झगमगाट सोडला, सामने वाढवले. पुढे राज्याच्या शालेय निधीतून सार्वजनिक शाळांच्या संघांना अनुदानही मिळू लागलं. आज सर्वांत जास्त संघ असलेल्या राज्यांत मिशिगन आहे ते केवळ मोटारकंपन्यांमुळे नव्हे.

टेक्सासमधल्या 'रोबोनॉट्स' संघाची गोष्टही सांगायला हवी. नासाच्या केंद्राजवळचा, अतिशय बलवान संघ. ते हंगामाच्या सुरुवातीला 'एव्हरीबॉट' नावाचा एक साधा, स्वस्त रोबॉट स्वतः बनवतात आणि त्याची रेखाचित्रं, सामानाची यादी, प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट देतात. साध्या हत्यारांनी कुणालाही करता यावा असा. काही जण म्हणतात, यानं मुलं नक्कल करतील. मला तसं वाटत नाही. पहिल्या वर्षी ज्याचा रोबॉट जागचा हललाच नाही, त्या मुलाला काय सोडायचं हा प्रश्न कधी पडतच नाही. एकलव्याला मातीचा पुतळा करावा लागला, कारण विद्या दाराआड होती. इथे निदान एका द्रोणाचार्यानं दार उघडं ठेवलं आहे आणि अंगठाही मागितलेला नाही.

शेवटी आपल्याबद्दल. आपण स्थलांतरित आहोत, शिक्षणाच्या जोरावर इथवर आलो, आणि मुलांनी काही सोडावं हे आपल्याला सोसत नाही. रोबॉटिक्सही हवं, ऑर्केस्ट्राही हवा, सगळे अवघड विषय हवेत, आणि शनिवारी मराठी शाळा. मुलाच्या वेळापत्रकाला वजनाची मर्यादाच नाही. मग रोबॉटही आपणच हातात घेतो, कारण ट्रॉफी घरी यायला हवी. ज्या संघाचा रोबॉट पालकांनी बनवला, त्या संघाच्या मुलांना सामन्यानंतर विचारा, ही साखळी या जागी का लावली? ती मागे वळून वडिलांकडे बघतात.

आणि मुलींबद्दल. प्रत्येक हंगामात मी पाहते, पहिल्या आठवड्यात मुलींच्या हाती आपोआप पोस्टर, नोंदवही आणि सादरीकरण येतं, मुलांच्या हाती ड्रिल. कुणी ठरवून करत नाही. म्हणूनच ठरवून बदलावं लागतं. आमच्याकडे साधा नियम आहे, दर आठवड्याला कामं फिरतात, आणि नोंदवही लिहिण्याची पाळी सगळ्यांची. त्या फळ्यावरच्या हिशेबासाठी मुलीला आधी वर्कशॉपमध्ये उभं राहायला जागा मिळाली पाहिजे.

आपला मंच भारतातल्या शाळांनाही मदत करतो. तिकडे अटल टिंकरिंग लॅब या योजनेत दहा हजार शाळांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, शाळेमागे वीस लाखांपर्यंत अनुदान. यंत्रं पोचतात. पण यंत्रांसमोर मुलांना उभं करून 'यातलं तुम्ही काय सोडाल आणि का?' असं विचारणारा आणि उत्तराची वाट पाहणारा शिक्षक कपाटाबरोबर पाठवता येत नाही. देणगी देताना आपण त्याच्या प्रशिक्षणासाठी, त्याच्या वेळेसाठी पैसे द्यावेत असं मी सुचवते. त्याचा फोटो चांगला येणार नाही, याची मला कल्पना आहे.

आणि इथे, आपल्या गावात, माझी एकच विनंती. आपल्यापैकी अनेक जण आपल्या मुलाच्या संघाला संध्याकाळी दोन तास देतात. तेच दोन तास, आठवड्यातून एकदा, शेजारच्या गरीब वस्तीतल्या शाळेच्या संघाला द्या. तिथे मार्गदर्शक नाहीत, इंजिनिअर काका-काकू नाहीत. तिथे गेल्यावर पाना हातात घेऊ नका. स्टूल ओढून बसा आणि मुलांना हिशेब मांडू द्या. स्वतःच्या मुलाच्या संघाचे थोडे गुण त्यात कदाचित जातील. तो ट्रेडऑफ आहे, आणि तो आपला आहे.